जुन्या टू बीएचकेचं नूतनीकरण : तोडफोडीआधी काय ठरवायचं आणि नंतर काय सांभाळायचं

नूतनीकरण म्हटलं की पहिला फोन कंत्राटदाराला जातो आणि पहिलं भांडण टाइल्सच्या रंगावरून होतं. दोन्ही गोष्टी बऱ्याच नंतरच्या आहेत. त्याआधी घरातली माणसं या घरात सकाळी साडेसहा ते नऊ कशी वावरतात हे कागदावर यायला हवं, कारण घर खरं अडतं ते त्याच वेळात. पाहुणे महिन्यातून दोनदा येतात, डबे रोज भरले जातात.

हा लेख ठाणे, डोंबिवली, कोथरूड, नाशिक अशा ठिकाणी पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीत, साडेपाचशे-साडेसहाशे चौरस फूट कार्पेटच्या घरात राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच हे काम काढणाऱ्या कुटुंबासाठी आहे. बंगला किंवा वाडा असेल तर बरीच गणितं बदलतील.

पायरी १ : इमारत किती वर्षं उभी राहणार आहे?

हा प्रश्न अशुभ वाटतो म्हणून कोणी विचारत नाही. पण सोसायटीत पुनर्विकासाची कुजबुज सुरू असेल तर दहा-बारा लाख भिंतींत घालण्याआधी सचिवांशी नीट बोला. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मागून घ्या. विषय नुसता चर्चेत आहे, की प्रकल्प सल्लागार नेमला गेलाय, ते त्यातून कळतं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. त्या आकड्याच्या जवळपास गेलेल्या सोसायटीत रंग, वायरिंग आणि उचलून नेता येईल असं फर्निचर, एवढ्यावरच थांबावं. कडाप्पा, ग्रॅनाइट आणि भिंतीत ठोकलेली कपाटं नव्या घरात जात नाहीत.

त्याच भेटीत स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इंजिनिअरने केलेल्या इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल पाहा. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवालात तुमच्याच घराच्या बाथरूमखालचा स्लॅब लाल शाईत असेल, तर तुमच्या कामाची सुरुवात तिथूनच होते.

पायरी २ : आठ दिवस घराकडे बघत बसा

फ्रिजवर एक कागद चिकटवा. घरातल्या प्रत्येकाने त्यावर दोनच गोष्टी लिहायच्या : आज मी कुठे अडलो, आणि आज काय शोधत बसलो. दुसरी तिसरी मोठी अक्कल लागत नाही. "साडेसातला बेसिनपाशी तिघं." "बाबांचं ऑफिसचं बोलणं आणि आजीची मालिका एकाच खोलीत." "मोठं पातेलं काढायला स्टूल." "ओले टॉवेल खुर्चीवर." असल्या नोंदींतून जो नकाशा निघतो तो कुठल्याही कॅटलॉगमधून निघत नाही.

सोबत पसाऱ्याचे फोटो काढा. आवरण्याआधीचे. डायनिंग टेबलावर कायम औषधं, चार्जर आणि वीजबिलं पडत असतील तर तिथे हाताशी एक उथळ खण हवाय, इतकाच त्याचा अर्थ. दारात चपलांचा ढीग होत असेल तर चपलांचं कपाट आहे, पण वाकून उघडावं लागतं म्हणून कोणी उघडत नाही. पसारा जिथे साचतो तिथेच साठवणीची जागा करायची. माणसांच्या सवयी बदलतील या आशेवर फर्निचर करू नये. ते कपाट भरतं, आणि पसारा जागच्या जागी राहतो.

घराबाहेरच्या पण घरात काम करणाऱ्या माणसांनाही विचारा. भांड्यांच्या मावशी सिंकपाशी उभ्या राहून घासतात की मोरीत बसून, यावर ड्राय बाल्कनीची सगळी मांडणी ठरते. बसून घासणाऱ्या बाईंसाठी मोरीला तीन-चार इंचांचा कठडा, खाली नळ आणि भांडी निथळायला जागा हवी. ही मोरी काढून तिथे वॉशिंग मशिन बसवलं की पहिल्याच आठवड्यात कुरबूर सुरू होते, आणि ती रास्त असते.

मग दहा वर्षं पुढचा विचार. आज आठ वर्षांची मुलगी तेव्हा अठराची असेल, तिला बंक बेड नको असेल, दार लावता येईल अशी जागा हवी असेल. आज चालते-फिरते सत्तरीतले आजोबा तेव्हा कदाचित वॉकरवर असतील. म्हणून मुलांच्या खोलीत पक्कं फर्निचर कमीत कमी करा, आणि बाथरूममध्ये कमोडशेजारच्या भिंतीत आधाराच्या दांड्यासाठी भक्कम जागा आत्ताच करून ठेवा. दांडा नंतर बसवला तरी चालेल. जुन्या इमारतींत बाथरूमचं दार सव्वादोन फुटांचं असतं, त्यातून वॉकर जेमतेम जातो आणि व्हीलचेअर जात नाही. तोडफोड होणारच असेल तर हे दार रुंद करता येतं का, हे आधी बघा.

पायरी ३ : काय पाडता येतं, काय नाही

आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या इमारतीत खांब, तुळया आणि स्लॅब वजन पेलतात. आतल्या चार-साडेचार इंची भिंती बहुधा फक्त आडोसा असतात. 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण काही जुन्या इमारती भिंतींवरच उभ्या असतात आणि तिथे कुठलीच भिंत निव्वळ आडोसा नसते. हे ठरवायचं काम परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. कंत्राटदाराने भिंतीवर हातोडीने टकटक करून "होऊन जाईल साहेब" म्हटलं तर ते ऐकून सोडून द्या. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात इमारतीच्या आधाराला हात लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. इंजिनिअरची फी यापुढे काहीच नाही.

वजन वाढवणाऱ्या कामांवरही लक्ष ठेवा. जुन्या फरशीवरच नवी फरशी चढवायचा सल्ला हमखास मिळतो : धूळ कमी, राडारोडा कमी, वेळ कमी. पण स्लॅबवर कायमचं ओझं वाढतं, दारं खालून कापावी लागतात आणि बाथरूमचा उंबरठा बुटका होऊन पाणी बाहेर यायला लागतं. मी तरी जुनी फरशी काढण्याच्याच बाजूचा आहे. नवी भिंत घालायचीच असेल तर विटेऐवजी एएसी ब्लॉकची (हवेच्या बारीक छिद्रांमुळे हलक्या असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) घाला, तिचं वजन विटेच्या भिंतीच्या निम्म्याहूनही कमी भरतं.

आणि संडास-बाथरूमची जागा हलवू नका. तुमची नवी मोरी खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आली की गळतीचा, शेजारधर्माचा आणि शेवटी वकिलाचा असे तीन प्रश्न एकदम उभे राहतात.

पायरी ४ : परवानग्या आणि खालचे शेजारी

सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी लागते. अर्जासोबत कामाची यादी, इंजिनिअरचं पत्र आणि कामगारांची ओळखपत्रं द्यावी लागतात, परत मिळणारी अनामत रक्कमही बहुतेक ठिकाणी घेतात. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३४२ नुसार प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, नळ-पाइप बदलणं अशा किरकोळ दुरुस्तीला पालिकेकडे जावं लागत नाही. भिंती हलवणं, बाल्कनी खोलीत घेणं याला मात्र परवानगी लागते. इतर शहरांत स्थानिक पालिकेच्या कार्यालयात विचारून घ्या. पाइप गॅसची जोडणी सरकवायची असेल तर गॅस कंपनीचाच माणूस हवा. प्लंबरला त्या पाइपला हात लावू देऊ नका.

खालच्या मजल्यावर स्वतः जा, काम सुरू व्हायच्या आधी. त्यांच्यासमोर त्यांच्या छताचे फोटो काढा. आधीपासूनचे ओलीचे डाग कुठले आणि नंतरचे कुठले, हा वाद या दहा मिनिटांत मिटतो. दुपारची झोप किती ते किती, घरात कोणी आजारी आहे का, दहावी-बारावीचं कोणी आहे का, हेही विचारून या. "काका, दोन महिने त्रास होणार आहे, फोन नंबर घेऊन ठेवा" एवढं बोललं की पुढच्या निम्म्या तक्रारी समितीकडे न जाता तुमच्याकडे येतात.

पायरी ५ : मुहूर्त

सगळ्यांनाच दिवाळीआधी घर हवं असतं. त्यामुळे ऑगस्टपासून सुतार आणि रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर चार घरांत एकदम काम करत असतात. शिवाय पावसाळ्यात प्लास्टर वाळत नाही, लाकूड फुगतं, आणि ओल्या भिंतीवर लावलेली पुट्टी पुढच्या वर्षी पापुद्र्यांनी निघते. दिवाळी आणि छठ उरकून कामगार परतले की काम सुरू करावं आणि होळीपर्यंत धुळीचं सगळं उरकावं. होळीला पुन्हा मंडळी गावी जातात. घरात शाळेची परीक्षा असेल तर मार्चही बाद. म्हणजे हाताशी नीट असे तीन-साडेतीन महिने राहतात. त्यात बसवायचं तर निर्णय, मापं आणि खरेदीची यादी गणपतीच्या सुमारास तयार हवी.

काम चालू असताना त्याच घरात राहायचं का? दमा असलेलं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर नको. बाकीच्यांनी राहायचंच ठरवलं तर एका वेळी एकच बाथरूम काढायचं आणि स्वयंपाकघर शेवटी, असा क्रम लेखी ठरवा. धूळ मात्र डब्यांत शिरतेच.

पायरी ६ : पैसे आधी भिंतीच्या आत

अंदाजपत्रकाचे दोन भाग करा. एक, जे दिसत नाही : वायरिंग, पाइप, वॉटरप्रूफिंग. दुसरा, जे दिसतं : फरशी, फर्निचर, रंग, छत. पैसे कमी पडले तर दुसऱ्या भागातून कापा. पीओपीचं छत पाच वर्षांनी करता येतं. वायर बदलायला पाच वर्षांनी तेच प्लास्टर पुन्हा फोडावं लागतं.

वायरिंगमध्ये वायरमनला विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, पॉवर पॉइंटना २.५ आणि एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. एसी आणि गिझरला प्रत्येकी वेगळं सर्किट. मुख्य पेटीत एमसीबीसोबत (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे ओल्या हाताने झटका बसायच्या वेळी वीज तुटते. आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का, हे मीटर लावून दाखवायला सांगा. जुन्या इमारतींत तीन छिद्रांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या छिद्रामागे काहीच नसतं. दोन एसी, गिझर, इंडक्शन असा भार वाढणार असेल तर वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज आधीच टाका.

पॉइंट कुठे हवेत हे खडूने भिंतीवर लिहा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, वर्क फ्रॉम होमच्या टेबलापाशी, देवघरात, मिक्सरजवळ, वॉटर प्युरिफायरला, आणि गणपतीची आरास जिथे होते त्या कोपऱ्यात. हा शेवटचा पॉइंट सगळे विसरतात आणि मग दीड दिवस किंवा दहा दिवस एक्स्टेंशनची वायर पायांत येत राहते.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला घाई करू देऊ नका. जुने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) टाकले, ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) झाला, वर रसायनाचे थर झाले, की नाहणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जायचं जाळीचं तोंड, बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि निदान ४८ तास ठेवायचं. मग खालच्या काकांकडे जाऊन छत बघायचं. कोरडं असेल तरच टाइल्स. कंत्राटदार म्हणेल, एक रात्र पुरे. पुरत नाही. टाइल्स लागल्यावर बादलीभर पाणी ओतून उतार तपासा. पाणी ट्रॅपकडे पळायला हवं, दाराकडे नव्हे. फरशी खरखरीत घ्या. दुकानात चकचकीत आवडते आणि आजींचा पाय त्याच फरशीवरून सरकतो.

प्लास्टर बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी लावून. पाइप जमिनीपासून किती इंचांवर गेलाय ते त्यात दिसायला हवं. पुढे तसबीर टांगायला ड्रिल घेताना हे फोटो कामाला येतात.

पायरी ७ : ओटा आणि त्याच्या आसपासचं

स्वयंपाकघरावर जास्त वेळ द्या, कारण एकदा ग्रॅनाइट बसला की उंची बदलत नाही. कंत्राटदार सरसकट ३३-३४ इंच धरतो. खरं माप घरात सर्वांत जास्त स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपराचं. सरळ उभं राहून कोपर वाकवायचं, जमिनीपासून तिथवर मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. भाजी चिरायला, परतायला ही उंची ठीक. पोळ्या लाटायला मात्र त्याहून खाली हवं, कारण लाटताना जोर वरून खाली जातो आणि पोळपाटाला पाय असल्याने तो मुळात दीड-दोन इंच उंच असतोच.

याची परीक्षा फुकटात होते. आत्ताच्या ओट्यापाशी पाटावर उभं राहून चार पोळ्या लाटून बघा, म्हणजे ओटा खाली असता तर कसं वाटलं असतं ते कळतं. मग पाट काढून पोळपाटाखाली जाड पुस्तक ठेवा, म्हणजे उलटं कळेल. खांदे ज्या उंचीवर वर चढत नाहीत ती उंची तुमची. घरात सासूबाई आणि सून दोघी स्वयंपाक करत असतील आणि उंचीत चार इंचांचा फरक असेल, तर सरळ दोन पातळ्यांचा ओटा करा किंवा लाटण्यासाठी ओढून बाहेर येणारी फळी करा. नवरा स्वयंपाक करतो म्हणत असेल तर त्याचंही माप घ्या, म्हणजे पुढे सबब उरत नाही.

ओट्याखाली पूर्ण प्लायवुडची कपाटं करण्यापेक्षा कडाप्पाचे कप्पे आणि त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या, ही जुनी पद्धत मला अजूनही पटते. कडाप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, सिंकखाली गळती झाली तरी पुसून मोकळं होता येतं. फक्त सिंकशेजारच्या कप्प्याला दारं जाळीची ठेवा. प्लायवुड वापराल तिथे आयएस ७१० चा म्हणजे मरीन दर्जाचा घ्या. आयएस ३०३ चा साधा प्लाय बेडरूमच्या कपाटाला चालतो. आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून पाहता येतो. दुकानदारासमोरच टाका.

चिमणी घ्यायची तर तिचा पाइप कमीत कमी वळणं घेऊन खिडकीबाहेर जातोय ना, ते बघा. लांबचा नागमोडी पाइप असेल तर मिरचीच्या फोडणीला सगळं घर खोकणारच. त्यापेक्षा चांगला एक्झॉस्ट पंखा बरा.

साठवणीची यादी करताना रोजच्या भांड्यांवर थांबू नका. वर्षाचं धान्य भरत असाल तर डबे किती, लोणच्याच्या बरण्या किती उंच, हळदीकुंकवाचं सामान, जास्तीच्या गाद्या, चटया. माळा काढून टाकल्यावर खोली उंच दिसते हे खरं, पण मग या गाद्या दिवाणाखाली, पलंगाखाली, दारामागे दिसू लागतात. देवघराचं एकच विचारा : पूजा करणारं माणूस बसून करतं की उभ्याने? गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी जमिनीलगतचं सुंदर सागवानी देवघर म्हणजे शिक्षा.

पायरी ८ : करार आणि कामावर नजर

तीन जणांकडून दर मागवा, पण तिघांना यादी एकच द्या, नाहीतर तुलना होत नाही. दर मटेरियलसकट की फक्त मजुरीचा, मोजमाप चौरस फुटात की ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट), कपाटाचं माप फक्त दर्शनी बाजूचं की ते आत किती खोल आहे तेही धरून, जीएसटी धरून की वेगळा, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं कागदावर. एकूण रकमेच्या दहा ते पंधरा टक्के वेगळे ठेवा. जुनी फरशी उचलल्यावर खाली काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं. कर्ज काढणार असाल तर जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती कर्जावरच्या व्याजाची वजावट वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच मिळते, घर खरेदीइतकी नाही.

पैसे काम पाहून हप्त्यांत द्या : पाडापाडी झाली, वायरिंग-प्लंबिंग झालं, फरशी झाली, सुतारकाम झालं, रंग झाला. शेवटचा हप्ता, निदान दहा टक्के, ताबा मिळाल्यावर महिन्याभराने. दारं अडकणं, नळ ठिबकणं, खण बाहेर न येणं हे सगळं वापरायला लागल्यावरच कळतं. मागण्या बदलल्या तर बदलाची किंमत त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. "करून टाकू, बघू नंतर" या वाक्याचं बिल शेवटी येतं.

कामाचा क्रम साधारण असा : पाडापाडी, भिंतीत झिरी पाडून वायर-पाइप, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, फरशी, ओटा, छत, सुतारकाम, रंग, शेवटी दिवे-नळ. नवी फरशी झाल्यावर तिच्यावर जाड प्लास्टिक आणि पीओपीचा थर टाकून घ्या, नाहीतर सुताराची करवत आणि रंगाऱ्याचं स्टूल तिची नक्षी बदलतात. नव्या प्लास्टरला आठवडाभर पाणी मारलं जातंय का ते बघायला रोज संध्याकाळी एक चक्कर टाका. दिवसभर उभं राहून गवंड्याच्या मानेवर श्वास सोडायची गरज नाही. संध्याकाळी अर्धा तास, हातात यादी, आणि बोलायचं ते एकाच माणसाशी. सुताराला आई एक सांगतेय, बाबा दुसरं, अशाने कपाट तिसरंच होतं.

ताबा घेताना वायरिंगचा आराखडा, पंप-गिझर-चिमणीची वॉरंटी कार्डं, रंगाच्या छटांचे क्रमांक आणि भिंतींचे ते फोटो एका फाइलमध्ये घाला. प्रत्येक प्रकारच्या टाइल्सचं एकेक खोकं जास्त घेऊन माळ्यावर ठेवा, कारण वर्षभराने तीच छटा दुकानात मिळत नाही. जिना, लिफ्ट आणि गच्चीवर आपलं सामान उरलेलं नाही हे सचिवांना दाखवून अनामत रक्कम परत मागा. पावती सोबत न्या.